फुटक्या तुकड्यांच्या शब्दांवर लाँगमनच्या कोशाची परीक्षा

कोशाचे परीक्षण करायचे म्हणून तो पहिल्या पानापासून वाचत जाण्यात अर्थ नसतो. 'टेबल' किंवा 'आनंद' या शब्दांचा अर्थ कोणताही कोश बरा सांगतो. खरा कस लागतो तो एकमेकांच्या अगदी शेजारी राहणाऱ्या शब्दांवर, जिथे प्रत्येकाचा ढोबळ अर्थ एकच असतो आणि तरीही एकाच्या जागी दुसरा चालत नाही. इंग्रजीत फुटून, तुटून, उडून वेगळ्या झालेल्या लहान तुकड्यांसाठी असलेले शब्द हा असाच एक गट आहे: शार्ड, स्प्लिंटर, स्लिव्हर, फ्रॅगमेंट, चिप, फ्लेक, क्रम, श्रेड, स्क्रॅप, श्रॅपनेल, डेब्री, स्मिदरीन्स. अनुवादाच्या कामात हे शब्द सतत आडवे येतात, आणि फोनवरच्या फुकट इंग्रजी-मराठी कोशांपैकी जे जे मी पाहिले त्या सगळ्यांत त्यांच्यापुढे निमूटपणे 'तुकडा' असे लिहिलेले आढळते. म्हणून हा गट हाताशी धरून 'लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश' या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशाची परीक्षा घ्यायचे ठरवले.

कोशाची ओळख थोडक्यात करून देतो. त्याची पहिली आवृत्ती 1978 साली निघाली आणि सहावी 2014 साली. छापील ग्रंथ दोन हजार पानांच्या वर जातो. संकेतस्थळावर मात्र तो कोणालाही पैसे न देता पाहता येतो, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या रूपाचे आहे. या कोशाचे वैशिष्ट्य असे की व्याख्या लिहिताना संपादकांनी साधारण दोन हजार सोप्या शब्दांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे. इंग्रजी परकी असलेल्या माणसाला एका शब्दाचा अर्थ पाहताना आणखी तीन शब्द शोधावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे, पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते याच गटात स्पष्ट दिसते.

'शार्ड' आणि 'स्प्लिंटर' यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. काच, धातू वगैरेंचा तुटलेला धारदार तुकडा म्हणजे शार्ड. लाकूड, काच किंवा धातूच्या मोठ्या तुकड्यापासून तुटून निघालेला लहान धारदार तुकडा म्हणजे स्प्लिंटर, असा या दोन व्याख्यांचा आशय आहे. आता काचेचा पेला फरशीवर पडून फुटला, तर जे पसरले त्याला काय म्हणावे? व्याख्यांवरून ठरवता येणार नाही. ज्याने या दोन वस्तू प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्याला मात्र भेद पटकन कळतो. शार्डला पसारा असतो, पृष्ठभाग असतो. तो पेल्याचा किंवा बशीचा ओळखू येणारा अंश असतो आणि चिमटीत धरून उचलता येतो. स्प्लिंटर लांबट आणि बारीक असते, सुईच्या जातीचे, आणि ते उचलण्याआधी बहुधा बोटात शिरलेले असते. मराठीत त्यालाच आपण कूस म्हणतो. फळीवरून हात फिरवताना बोटात जाते ती कूस. तिथे कोणी 'लाकडाचा तुकडा बोटात गेला' असे म्हणाले तर ऐकणारा घाबरून दवाखान्याची चौकशी करेल.

'बारीक' किंवा 'पातळ' हा एक शब्द लाँगमनच्या व्याख्येत असता तर काम झाले असते. कॉलिन्सच्या कोबिल्ड कोशात तो आहे; स्प्लिंटर म्हणजे अतिशय बारीक आणि टोकदार तुकडा, असे तिथे पहिल्यांदाच सांगितले जाते. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातही 'लहान, पातळ, धारदार' अशी तिन्ही विशेषणे मिळतात. म्हणजे अडचण सोप्या शब्दांची नव्हती, 'पातळ' हा शब्द त्या दोन हजारांत सहज बसतो. संपादकांनी धार महत्त्वाची मानली आणि आकार सोडून दिला, एवढेच.

तरीही याच नोंदीत खाली उतरले की चित्र बदलते. उदाहरणवाक्यांत स्प्लिंटर बोटात गेलेले दिसते आणि शार्डच्या पाठीशी काच व मातीची भांडी दिसतात. या कोशाविषयी मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते हेच: लाँगमनचे खरे धन व्याख्येत नसून तिच्याखालच्या भागात आहे, आणि आपल्याकडचा विद्यार्थी व्याख्या वाचून कोश मिटतो. शाळेपासून आपल्याला 'शब्दार्थ लिहा' या प्रश्नाची सवय लागलेली असते. शब्दाला एक अर्थ असतो आणि तो एका ओळीत मावतो, अशी आपली ठाम समजूत असते. या कोशाचा उपयोग करून घ्यायचा तर ही सवय मोडावी लागते. शब्द कोणाच्या संगतीने येतो, एकवचनात येतो की नाही, त्याच्यापुढे नकार लागतो का, हे सगळे ठळक अक्षरांतल्या शब्दजोड्यांत, चौकटींत आणि उदाहरणांत विखुरलेले आहे.

'स्मिदरीन्स'ची नोंद या दृष्टीने आदर्श म्हणावी अशी आहे. हा शब्द एकटा दिलेलाच नाही. स्फोटाने उडून किंवा आपटून स्मिदरीन्स होणे अशा वाक्प्रचारातच तो समोर येतो, आणि ते बरोबर आहे, कारण इंग्रजीत कोणी एक स्मिदरीन उचलून दाखवत नाही. मराठीतल्या 'ठिकऱ्या'ची तऱ्हा जवळजवळ तशीच आहे. ठिकरी हा शब्द एकवचनात आहे, मुलींच्या खेळातही आहे. पण वस्तू फुटते तेव्हा ठिकऱ्या उडतात, एक ठिकरी कधी उडत नाही. हा इंग्रजी शब्द आयरिश भाषेतून आला असे मानले जाते, आणि आयरिश भाषेत लाडाने लहान करणारा जो प्रत्यय आहे तोच त्याच्या शेवटी बसला आहे. घर, गलबत, स्वप्न असे काहीही स्मिदरीन्स होऊ शकते, मात्र त्यात किंचित बोलीचा, अतिशयोक्तीचा सूर असतो. पंचनाम्याच्या अनुवादात तो वापरू नये.

पंचनाम्यासाठी 'फ्रॅगमेंट' आहे. लॅटिनमधल्या 'मोडणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला, आणि फ्रॅक्चर, फ्रॅजाइल, फ्रॅक्शन हे सगळे त्याचे भाऊबंद. हाडाचा, बाँबगोळ्याचा, शिलालेखाचा, हस्तलिखिताचा, ऐकू आलेल्या संभाषणाचा तुकडा फ्रॅगमेंट असू शकतो. धार, जाडी, आकार यांविषयी हा शब्द काहीच बोलत नाही, फक्त एवढे सांगतो की पूर्वी काहीतरी अखंड होते. त्यामुळे पोलीस, डॉक्टर आणि संशोधक यांना तो सोयीचा वाटतो. लाँगमनची व्याख्या इथे नेमकी आहे: मोठ्या वस्तूपासून तुटलेला किंवा तिच्यातून आलेला लहान तुकडा. 'किंवा आलेला' हे शब्द फार विचारपूर्वक घातले आहेत, कारण संभाषण तुटत नाही, आपल्या कानावर त्यातले थोडेसे पडते.

काचेच्या बाबतीत शब्दाची निवड काच कोणत्या जातीची आहे यावरही अवलंबून असते, आणि हे कोणताच कोश सांगत नाही. खिडकीची साधी काच फुटली की लांब, टोकदार, तलवारीसारखे तुकडे होतात, ते शार्ड. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची काच तापवून झटकन थंड केलेली, म्हणजे टफन्ड असते. ती फुटते तेव्हा खडीसाखरेसारख्या बोथट दाण्यांचा ढीग होतो, आणि त्या दाण्यांना शार्ड म्हणणे चूक आहे. पुढची काच आणखी निराळी. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्यामुळे ती तडकून जाळी होते, पण तुकडे जागेवरच चिकटून राहतात. अपघाताच्या बातम्यांचा अनुवाद करणाऱ्याने हे लक्षात ठेवले तर 'गाडीच्या काचेचे शार्ड सगळीकडे पसरले होते' यासारखी वाक्ये टळतील. शिकणाऱ्यांच्या कोशाकडून एवढ्या तपशिलाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मान्य. पण चित्रांच्या चौकटी जिथे इतक्या उदारपणे दिल्या आहेत, तिथे फुटलेल्या वस्तूंचे एक चित्र बरेच काम करून गेले असते.

'शार्ड'ला 'शर्ड' असे एक जुळे रूप आहे, आणि पुरातत्त्वात मातीच्या भांड्याच्या तुकड्यासाठी तेच अधिक चालते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांचे इंग्रजी अहवाल वाचणाऱ्याला ते पानोपानी भेटते. संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावात सापडलेल्या लाल भांड्यांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, आणि ते मुख्यतः खापरांच्या भरवशावर. आपले अभ्यासक मराठीत लिहिताना सरळ 'खापरे' म्हणतात, ते सुंदर आहे. याच खापरांच्या कुळातला एक अनपेक्षित शब्द म्हणजे 'ऑस्ट्रसाइझ', वाळीत टाकणे. प्राचीन अथेन्समध्ये ज्याला नगरातून घालवायचे त्याचे नाव नागरिक फुटक्या खापरावर कोरत, आणि खापराला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. लाँगमनच्या संकेतस्थळावर शब्दाचा उगम एका ओळीत दिलेला असतो. ओळ कोरडी असते, पण असे धागे हाती लागायला ती पुरते.

लंडनमधल्या 'द शार्ड' या इमारतीचे नावही इथे सांगण्यासारखे आहे. रेन्झो पियानो यांनी आखलेली ही सुमारे 310 मीटर उंचीची इमारत 2012 साली पूर्ण झाली. ऐतिहासिक लंडनच्या काळजात घुसणारा काचेचा तुकडा, अशी टीका इंग्लिश हेरिटेज या संस्थेने आराखड्यावर केली होती आणि तीच शिवी पुढे नाव म्हणून मिरवली गेली. पुण्या-बंगळुरातल्या संगणक अभियंत्यांना मात्र शार्ड म्हटले की काच आठवत नाही, अनेक सर्व्हरवर विभागून ठेवलेल्या विदागाराचा (डेटाबेसचा) एक हिस्सा आठवतो. त्या अर्थात ना धार उरली ना फुटणे.

'चिप' ही नोंद मी सर्वांत जास्त वेळ वाचली. लाकूड, दगड वगैरेंचा उडालेला लहान तुकडा हा अर्थ कोणालाही माहीत असतो. लाँगमन त्याच्यासोबत दुसरा अर्थ वेगळा क्रमांक देऊन सांगतो: कप, बशी यांवर तुकडा उडाल्यामुळे राहिलेली खाच. म्हणजे तुकडाही चिप आणि तुकड्याच्या जाण्याने पडलेली जागाही चिप. 'देअर इज अ चिप इन द कप' हे वाक्य घाईने वाचणारा कपात बटाट्याचा काप शोधू लागेल. आपल्याकडे 'कपाचा टवका उडाला' असे म्हणतात. मराठीचे लक्ष उडून गेलेल्या टवक्याकडे असते, इंग्रजीचे कपावर राहिलेल्या व्रणाकडे. वाक्य फिरवल्याशिवाय अनुवाद होत नाही, आणि कोशाने दोन अर्थ वेगळे केले नसते तर ते ध्यानातही आले नसते. बापाच्या वळणावर गेलेल्या मुलाला उद्देशून म्हणतात तो ओंडक्याच्या ढलपीचा वाक्प्रचार आणि मनात अढी बाळगणाऱ्याच्या खांद्यावरची ढलपी, हे दोन्ही याच नोंदीत मिळतात. खायच्या चिप्सच्या बाबतीत ब्रिटिश आणि अमेरिकी असा भेद कोश काळजीपूर्वक दाखवतो. त्यांच्या क्रिस्प्सना आपण वेफर्स म्हणतो, हे सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

'स्लिव्हर'विषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कापून किंवा तुटून निघालेला पातळ, निमुळता तुकडा, ही लाँगमनची व्याख्या चांगली आहे. इथे आकाराकडे नीट लक्ष दिले आहे. 'कापून' हे महत्त्वाचे, कारण शार्ड आणि स्प्लिंटर यांच्यात अपघात असतो, स्लिव्हरमध्ये सुरीही चालते. बदामाचे काप, केकची पातळ फोड, दाराखालून येणारी प्रकाशाची रेघ, अमावास्येनंतरची चंद्रकोर, या सगळ्यांना तो शब्द लागतो. स्पीकरच्या खुणेवर टिचकी मारली की उच्चार 'स्लिव्हर' असा ऱ्हस्व ऐकू येतो. पण इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या सूतगिरणीत काम केलेला माणूस 'स्लायव्हर' म्हणेल आणि तोही चुकत नाही: कार्डिंग यंत्रातून पिंजून निघालेल्या, पीळ न दिलेल्या कापसाच्या सलग दोराला इंग्रजीत त्याच अक्षरांनी लिहितात आणि तसाच दीर्घ उच्चार करतात. हातसुताच्या काळातला आपला पेळू त्याच्या जवळचा. हा अर्थ आणि हा उच्चार पाहायचा असेल तर मेरियम-वेब्स्टरकडे जावे. शिवाय अमेरिकेत बोटात गेलेल्या कुसेलाही स्लिव्हर म्हणतात, ही गुंतागुंत आहेच.

उच्चारांच्या बाबतीत हे संकेतस्थळ निर्विवाद उपयोगी आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही आवाज मिळतात. 'क्रम' (पावाचा वगैरे बारीक कण) ऐकला की शेवटचे 'ब' लिहायचे पण म्हणायचे नाही हे कळते, आणि त्याच्याच कुळातल्या 'क्रम्बल'मध्ये ते 'ब' स्वच्छ ऐकू येते. 'डेब्री' हा तर मुंबईकरांनी आवर्जून ऐकावा असा शब्द आहे. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा शेवटचा 'स' उच्चारला जात नाही, आणि तो अगणनीय असल्यामुळे त्याचे अनेकवचनही होत नाही. आपण मात्र 'डेब्रिज' हा शब्द बातम्यांत, फलकांवर आणि पालिकेच्या कारभारात इतका रुळवला आहे की आता तो मराठीच समजावा. राडारोडा हा त्याहून शतपटीने चांगला शब्द उपलब्ध असताना हे झाले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

गणनीय आणि अगणनीय ही खूण या कोशात प्रत्येक नामापुढे असते, आणि या गटात ती फार कामाला येते. शार्ड, स्प्लिंटर, चिप मोजता येतात. डेब्री, रबल आणि श्रॅपनेल मोजता येत नाहीत. श्रॅपनेलचा इतिहास विलक्षण आहे. हेन्री श्रॅपनेल हा ब्रिटिश तोफखान्यातला अधिकारी. त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस गोळ्यांनी भरलेला आणि हवेतच फुटणारा तोफगोळा तयार केला. मूळ अर्थाने श्रॅपनेल म्हणजे तो गोळा. आज बाँब फुटल्यावर उडणाऱ्या धातूच्या कपच्यांना सरसकट हे नाव आहे, आणि ब्रिटनमध्ये खिशातल्या चिल्लर नाण्यांनाही गमतीने तेच म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत 'श्रॅपनेल्स' छापलेले दिसते, तेव्हा लिहिणाऱ्याने कोशातली ती एक खूण पाहिली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

फ्लेक आणि स्क्रॅप यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. भिंतीचे पोपडे, हिमाचे तुषार, मक्याचे पोहे हे फ्लेक; कागदाचा कपटा, कापडाची चिंधी, ताटातले उरलेले आणि भंगार हे स्क्रॅप. नोंदी व्यवस्थित आहेत.

'श्रेड' मात्र थांबून वाचावा. चिंधी हा त्याचा पहिला अर्थ. दुसऱ्या अर्थाने तो पुराव्याचा, सत्याचा, संशयाचा लवलेश दाखवतो आणि तेव्हा त्याला बहुतेक वेळा नकाराची साथ लागते. आपण 'सुतराम शक्यता नाही' म्हणतो, 'सुतराम शक्यता आहे' असे कधी म्हणत नाही, त्याच चालीचा हा वापर. लाँगमनमध्ये अशा जोड्या ठळक अक्षरांत दिलेल्या असल्यामुळे नजर त्यांच्यावरून निसटत नाही. उलट आशेसाठी स्लिव्हर आणि दिलाशासाठी क्रम हे होकारातही खुशाल येतात. अमूर्त गोष्टींचे तुकडे करताना इंग्रजीने प्रत्येकीला वेगळे शस्त्र नेमून दिले आहे, आणि त्यांची अदलाबदल केली की वाक्य व्याकरणाने शुद्ध राहूनही परके वाटते. हा भाग इतर कोशांच्या मानाने लाँगमनने सरस हाताळला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

'पीस' या साध्या शब्दाच्या नोंदीखाली समानार्थी शब्दांची जी चौकट आहे, तिथून सुरुवात करावी असे मी नवख्यांना सुचवेन. लंप, चंक, फ्रॅगमेंट, स्क्रॅप, क्रम असे शब्द तिथे एकत्र येतात आणि प्रत्येकापुढे त्याचे वेगळेपण सांगणारी ओळ व एखादे वाक्य असते. चौकट परिपूर्ण नाही, पण मुळाक्षरांच्या क्रमामुळे ताटातूट झालेले शब्द एका पंगतीला बसलेले पाहायला मिळणे, हे कोशात क्वचितच लाभणारे सुख आहे.

एक गोष्ट हा कोश करूच शकत नाही, ती म्हणजे आपल्याला मराठीपर्यंत आणून सोडणे. त्यासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची जोड द्यावी लागते. 1831 साली पहिल्यांदा आणि 1857 साली वाढवून निघालेला तो कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. टवका, कपची, ढलपी, ठिकरी, पोपडा, कणी, चुरा, भुगा हे शब्द एकेक करून तिथे पाहावेत आणि मग लाँगमनमधल्या इंग्रजी शब्दाशी त्यांची सोयरीक जुळते का ते तपासावे. काम वेळखाऊ आहे. थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला 1847 चा इंग्रजी-मराठी कोश हाताशी असेल तर थोडे हलके होते. आजच्या इंग्रजीच्या नोंदी असलेला आणि मराठीतले हे सगळे शब्द नेमक्या जागी बसवणारा एखादा नवा कोश कोणी हाती घेतला तर त्याची पहिली प्रत मी घेईन.

छापील लाँगमन विकत घ्यावा का, असे शिक्षक मंडळी विचारतात. वर्गात किंवा वाचनालयात ठेवण्यासाठी जरूर घ्यावा, कारण मुले पान उलटताना शेजारच्या नोंदीही वाचतात आणि चित्रांवर रेंगाळतात. एकट्याने काम करणाऱ्याला संकेतस्थळ पुरेसे आहे. त्यावर जाहिराती असतात, आणि प्रत्यक्ष वापरातून यंत्राने उचललेली जी वाक्ये नोंदीच्या शेवटी दिलेली असतात, त्यांच्यातली काही संदर्भावाचून लटकी वाटतात. ती सोडून संपादकांनी निवडलेली वाक्येच आधी वाचावीत, आणि स्प्लिंटरसारखी व्याख्या अपुरी वाटली की कोबिल्ड उघडून पाहावे.